एकशे पंचावन्न ग्रेन

ब्लूमफाँटेनचा जुलै. स्वयंपाकघराची खिडकी बंद,
खोकणंही बंद.
रस्कच्या डब्याशेजारी काट्यावर
हेस्टर गोळ्या तोलते, एकेक.
केसभर चुकली ती सरावाच्या बरणीत.

"जड घे," खोवर्ट दारातूनच,
"वाऱ्याला दाद देत नाही."
खरंय. पण जड गोळीचा दणका
खांदा विसरत नाही,
दहाव्या बाराला डोळा आधीच मिटतो.
हे तो कुणाला सांगत नाही, तीही नाही.

हलकीच भरते.
वाऱ्याचं मी बघेन.

हजार यार्डांवर
गवत एकीकडे, निशाण भलतीकडे,
मधे मृगजळ उकळतंय.
थांबते. गवताचं ऐकते.

गोळी दीड सेकंद हवेत.
तेवढ्यात आठवतं:
किटलीखालचा गॅस?