वगळून

शरणपूर रोडला, चष्म्याच्या दुकानावर, दुसरा मजला.
विसपुत्यांचा निखिलेश म्हणाला, बसा मावशी,
मुक्तिनाथ ना? तुमच्या मंडळाच्या
सतरा जणींचे विमे कालच काढले.
उंचीचा त्रास, हरवलेली बॅग, चुकलेलं विमान,
दाढदुखीसुद्धा आहे यात.

मी म्हटलं, आणि उडी?

कसली उडी?

पोखऱ्याच्या पुढे एक पूल आहे.
पायाला दोर बांधून खाली सोडतात.
बंजी म्हणतात त्याला.

तो माझ्या केसांकडे बघत राहिला,
मग स्क्रीनकडे, मग परत केसांकडे.
येतं ना, म्हणाला, यात सगळंच येतं.
मी पर्स उघडून भिंग काढलं.

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटा तपासल्या मी.
आकड्याची शेपटी केसाएवढी सरकली
तरी कागद बाजूला.
दिवसभर कोटींत हात,
संध्याकाळी फाटकावर झडती
आणि डब्यात उरलेली अर्धी पोळी.
मला बारीक अक्षराची भीती नाही, बाळा.
हे बघ, पान चौदा, कलम सात, ड:
'गिर्यारोहण, पॅराशूट, बंजी
तसेच तत्सम धोकादायक कृती वगळून.'
तसेच आणि तत्सम, एकाच ओळीत!
आमच्याकडे हा कागद सरळ भट्टीत गेला असता.

त्याने पुण्याला फोन लावला.
बराच वेळ सनई वाजली,
मग एक मुलगी आली आणि विचारत सुटली:
वय? त्रेसष्ट.
साखर? नाही.
रक्तदाब? गोळी आहे, अर्धी.
गुडघे? आहेत, दोन.
कारण?

तिच्याकडे कारणाचा रकाना होता म्हणे.
हौस, सांगितलं मी. तिने भरलं असावं.

पूर उतरायला लागला की
दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी असताना
पंचवटीची पोरं पुलावरून गोदेत उड्या घ्यायची.
माझे चारही भाऊ त्यात.
मी कठड्याशी, चौघांचे सदरे कवेत घेऊन.
एकाच्या खिशात चिंचा असायच्या, त्या खायची,
डोकी वर आली की मोजायची:
एक, दोन, तीन
आणि चौथं येईपर्यंत चिंच घशात तशीच.
मला कुणी नको म्हटलं नाही.
कुणी चल म्हटलं नाही, इतकंच.
सदरे कुणीतरी धरायला हवेत ना.

तर, पुण्याची मुलगी म्हणाली, होईल.
जादा हप्ता अकराशे चाळीस, कर वेगळा.
डॉक्टरांचा दाखला हवा,
दोर परवानाधारकाचाच हवा,
आणि उडीआधी मद्यपान केलेलं नसावं.
मुक्तिनाथाला निघालेल्या बाईला हे विचारतात!
मी म्हटलं, उडीनंतर चालेल का?
निखिलेश पहिल्यांदा हसला.

वारस?

लिही, सईदा मुनीर शेख.
नातं?
शेजारचं टेबल. बावीस वर्षं.
मावशी, यादीत तसं नाही. पती आहे, मुलगा, मुलगी, आई, बाप,
भाऊ…
भाऊ नको.
मग 'इतर' टाकू?
टाक.

सईदा येतेय बरोबर, मुक्तिनाथाला नाही, पोखऱ्यापर्यंत.
तिथे थांबून शाली बघणार आहे.
मी तिला सांगितलंय,
पुलावर तेवढ्या माझ्या चपला धर.
ती म्हणाली, धरीन,
पण वर आलीस की मोजणार नाही हं,
एकटीच तर असशील.

प्रिंटर खरखरला, चार पानं आली, कोमट.
चौथ्यावर खाली, वेगळ्या ओळीत:
'कलम सात ड मधील बंजी या प्रवासापुरते समाविष्ट.'
'समाविष्ट'मधली वेलांटी जरा तिरकी होती.
जाऊ दे म्हटलं.

सवयीने पान ट्यूबलाइटसमोर उंच धरलं,
जलचिन्ह शोधत.
काही नव्हतं.
पलीकडे निखिलेश अंधुक दिसला,
हातात माझं भिंग,
स्वतःच्याच पॉलिसीचं पान चौदा काढून बसलेला.