सातव्या मनोऱ्यातला आवाज

काँक्रीट इथल्याच वाळूत कालवलेलं,
म्हणून भिंतीवरून हात फिरवला की शिंपले टोचतात.
वीस वर्षं टिकला तरी पुष्कळ, म्हणाले होते बांधणारे.
पन्नास उलटली.

वर एक आडवी फट, वीतभर उंच.
तिच्यातून मी दोन हिवाळे अटलांटिक पाहिला,
म्हणजे त्याची एक पट्टी.

एका मनोऱ्याला जहाज दिसतं,
ते किती लांब आहे ते कळत नाही.
त्यासाठी दुसरा लागतो.
आमचा सहावा, दक्षिणेला दोन मैलांवर सातवा.
घंटा झाली की मी म्हणायचो, एकशे बारा दशांश चार.
तारेतून तो म्हणायचा, सत्याण्णव दशांश सात.
तळघरात कुणीतरी दोन रेघा ओढायचं.
छेदतील तिथे जहाज.

नाव विचारायची मुभा नव्हती.
त्याला कायम सर्दी. 'नऊ'वर अडखळायचा.
एकदा देवमासा आला, पाऊण तास आम्ही त्याचे कोन दिले.
तो बुडी मारून गेला तेव्हा तारेत कुणीतरी सुस्कारा टाकला.
मी असेन, नाहीतर तो.

आणि ती फेब्रुवारीची रात्र.
तेलाचं जहाज पेटलेलं, तोफांच्या टप्प्याबाहेर.
तळघरातून सांगितलं, पुरे.
आम्ही आकडे देत राहिलो,
तो मला, मी त्याला,
क्षितिज काळं होईपर्यंत.

एक्कावन्न साली मिलफर्डच्या हार्डवेअरच्या दुकानात
माझ्या पाठीमागे कुणीतरी बिजागऱ्या मोजत होतं.
सात, आठ, न... नऊ.
मी खिळ्यांच्या खोक्यात बघत उभा राहिलो.
दाराची घंटी वाजली. वळलो तेव्हा
लांब जाणारा ट्रक, मागे कोंबड्यांची खुराडी.

अर्डेल अजून म्हणते, हाक मारायचीस की रे.
काय म्हणून मारायची?

आता इथे नवा लोखंडी जिना आहे, तिकीट आहे.
समुद्र पुष्कळ आत आलाय.
गच्चीवरून सातवा स्पष्ट दिसतो,
पण फटी सगळ्या पाण्याकडे;
मनोऱ्यांना एकमेकांकडे खिडकी ठेवलेली नाही.

आज वर यायला तीनदा थांबलो.
एक पांढरी शिडाची होडी चालली होती.
एकशे चार, मी म्हणालो, दशांश दोन.
शाळेच्या सहलीतलं एक पोर
माझ्याकडे बघत राहिलं, पुढचं ऐकायला.