दोन सूत

कुपवाडच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं
माझ्या हातात एक गेज होता.
एक बाजू जावी, दुसरी अडावी,
एवढंच काम.
पंपाची बुशिंगं टोपल्यांतून यायची,
कुठलंही उचला, कुठल्याही पंपात घाला,
बसलंच पाहिजे.
नाही बसलं तर लाल ठिपका,
आणि मशीनवरच्या पोराचा पडलेला चेहरा.
चेहऱ्याकडे मी बघत नसे.

आता माझ्याच दाराचं कुलूप मोडलंय.
सगळं नाही. आतली एक स्प्रिंग,
करंगळीच्या नखाएवढी.
"ती कंपनी कधीच बंद पडली," गणपती पेठेतला दुकानदार म्हणाला,
"मालकाच्या भाच्यानं दुसरी काढलीय,
पण त्याचं माप वेगळं."

सहा दुकानं हिंडले, पर्समध्ये व्हर्नियर घेऊन.
हँडलपासून किल्लीच्या भोकापर्यंत
एकाचं पासष्ट, एकाचं पंच्याऐंशी,
एकाचं बहात्तर, का ते त्यालाच ठाऊक.
चौकोनी दांडी कुणाची सात, कुणाची आठ.
एकाच फळीवर मांडलेली कुलपं,
पण ह्याचा स्क्रू त्याच्या भोकाला ओळख देत नाही.
"बल्ब कसा, कुणाचाही आणा, फिरवला की पेटतो,"
मी जरा चिडूनच म्हटलं.
"मग दाराला बल्ब लावा की, ताई," काउंटरवरचा पोरगा म्हणाला.

शेवटी दस्तगीर शिकलगार.
खणभागात, जिन्याखाली, दीड माणसाची जागा.
बिस्किटांच्या डब्यांत मेलेल्या कुलपांची हाडं.
त्यातली एक पट्टी उचलून त्यानं डोळ्यापाशी धरली.
"बसंल. दोन सूत जास्त हाय. कानस खाईल की."
दोन सूत!
आम्ही केसाच्या जाडीसाठी अख्खी टोपली परत पाठवायचो.

कुलूप पोटातून उघडं पडलं होतं.
काडीनं एकेक लिव्हर हलवत तो म्हणाला,
"झिजून सपाट झाल्यात वो सगळ्या.
ह्याला कुणाचीबी किल्ली चालली असती."

मला माहीत होतं.

चार वर्षांमागे, कृष्णेचं पाणी चढत होतं तेव्हा
मी तासगावला अडकले होते.
सगळ्या गावाला एकच माप मान्य असतं त्या दिवसांत,
आयर्विन पुलाखालचे फूट.
त्रेचाळीस म्हणाले, मग पंचेचाळीस,
मग फोनच लागेना.
परतले तर घरात वीतभर गाळ,
आणि मगदूमवहिनींच्या गच्चीवर, ताडपत्रीखाली,
माझी शिलाई मशीन, पासबुकं, गॅसची टाकी,
फडक्यात गुंडाळलेला व्हर्नियर.
"तुमचं दार उघडंच होतं," वहिनी म्हणाल्या,
दुसरीकडे बघत.

मी दार उघडं टाकून कधी गेले नाही.
पुढं एका दुपारी, त्या डुलकी घेत असताना,
खिळ्यावरची त्यांची किल्ली घेऊन
माझ्या दाराला लावून बघितली.
त्यांची कंपनी वेगळी, घडण वेगळी.
फिरली.
माझ्या किल्लीपेक्षा सैल फिरली.
किल्ली परत खिळ्यावर अडकवली.
त्यानंतर आम्ही दोघींनी
कुलपाचा विषय काढला नाही.

जे जुळायला हवं ते अख्ख्या पेठेत जुळत नाही.
जे कधीच जुळता कामा नये
ते गुडघाभर पाण्यात, अंधारात,
पहिल्या फटक्याला जुळलं.
माझ्या गेजनं काय निकाल दिला असता?
अडायच्या जागी गेली. नापास.

"लिव्हर नव्या घालतो," दस्तगीर म्हणाला,
"आंग ह्येच, दात नवं.
मग तुमचीच किल्ली, दुसऱ्या कुणाची चालायची न्हाई."
कानशीचा आवाज बराच वेळ येत राहिला.
"किल्ल्या किती करू? दोन?"

"तीन," मी म्हटलं.

तिसरी वेगळी ओळखू यावी म्हणून
काडीच्या टोकानं त्यानं तिला
लाल ऑइलपेंटचा एक ठिपका दिला.
वाळेपर्यंत मी जिन्यापाशी उभी राहिले.