बॅटरी

रात्री पावणेतीनला बाप दार ठोकतो :
डचेस अडलीय. चल.
मी कोंबड्यांच्या कारखान्यातून नुकतीच आलेली,
अंगाला क्लोरीनचा वास,
बोटं थंड मांसानं आखडलेली.
तशीच गमबूट चढवते.

आर्कान्सासच्या या डोंगरपट्टीत फेब्रुवारी
जमिनीचा आधी चिखल करतो, मग दगड, मग परत चिखल.
ट्रक कुंपणाला तोंड लावून उभा.
इंजिन बंद, गाय बुजते म्हणून. दिवे चालू.
आणि रेडिओही चालू, कारण त्याचं बटण
गेल्या उन्हाळ्यात तुटलं,
आता किल्ली फिरवली की तो आपला आपण बोलतो.

ते गाणं लागतं.
तेच, लग्नात, जत्रेत, टायरच्या दुकानात वाजणारं :
मातीचा रस्ता, झऱ्याचं पाणी,
ओसरीवर टेकलेला म्हातारा,
खिशात काही नाही नि सुख उतू चाललेलं.

माझा हात तेव्हा कोपरापर्यंत आत.
एक खूर सापडतो. दुसरा नाही.
"गुडघा दुमडलाय."
"मग उलगड," ऑर्डेल म्हणतो,
जशी काही चादरीची घडी मोडायचीय.

गाण्यात कुणाचा हात कशातच नाही.
गाण्यातल्या झऱ्याच्या वरच्या अंगाला
डुकरांचे गोठे नाहीत.
म्हाताऱ्याच्या कमरेत स्क्रू नाहीत.
मला राग येतो, चांगला सणसणीत,
आणि नेमकं तेव्हाच दिसतं :
बाप गाईच्या मानेला गाल लावून
शब्द न् शब्द म्हणतोय.
बेसूर. गायकाच्या एक ओळ पुढे.

आई गेल्यापासून हे तोंड
जेवायला उघडतं, नाहीतर हवामानाला शिव्या द्यायला.

गाय कान पाडते. श्वास सोडते.
त्या सुटलेल्या श्वासानं आत
बोटभर जागा होते
आणि दुसरा खूर लागतो हाताला,
ओल्या साबणासारखा, निसटता.

दोरी. ओढ. थांब. आता ओढ.
धृपद दुसऱ्यांदा,
आणि वासरू येतं, एकदम,
गोणीतून बटाटे सांडावेत तसं.
कालवड. नाकात काडी घातली तर शिंकते,
रागावून.

तेवढ्यात दिवे पिवळे पडतात.
गायक "घर" की काय म्हणतो
आणि मधेच विझतो.

अंधार.
गाईची जीभ खरखर चालू, रंधा मारल्यासारखी.
बॅटरीला जोडायची केबल माझ्या गाडीत,
गाडी घरापाशी,
घर टेकडीपल्याड.
दोघंही हलत नाही.
"गाणं तरी संपू दे," तो म्हणतो,
आणि उरलेलं कडवं स्वतःच पुटपुटतो,
निम्मं आठवत नाही, तिथं आपलं घालतो :
झऱ्याला गोठवतो,
म्हाताऱ्याला एक गाय देतो, तिला बारशाचं नाव देतो,
आणि अगदी शेवटच्या ओळीत
त्याला ओसरीवरून उठवून
केबल आणायला पाठवतो.

मी निघते.
मागून अंधारातून ओरडतो,
"येताना कॉफी."
हे गाण्यात बसत नव्हतं बहुतेक.