डावा खांदा

तिचं नाव आता एवढंच: नीवी.
आडनाव पोस्टरवर मावलं नाही म्हणतात.
मला मात्र मुळ्यांची निवेदिता पाठ आहे,
बावन्न किलो, पोहे खाल्ले असतील तर साडेबावन्न,
आणि उजवी टाच थोडी आत वळलेली.

पिरॅमिडमध्ये मी खाली असायचे.
रामबागेत मल्लखांब केलेली मुलगी
आणखी कुठे उभी करणार?
सीमारेषेच्या दोराबाहेर, वाजणाऱ्या फळीवर,
चौकाराला आठ मात्रा, षटकाराला सोळा,
आपला गडी बाद झाला तरी दात दिसले पाहिजेत.
पॉमपॉमच्या चंदेरी पट्ट्या
घरी वरणात सापडायच्या.
आई काही बोलायची नाही,
वेचून ताटाच्या कडेला ठेवायची.

"काय करून राहिल्या गं तुम्ही तिथे?"
सुदामानगरची मावशी विचारायची,
"नाच की कवायत?"
निवेदिता म्हणायची, हजेरी.

मग तो सामना. दुसऱ्या डावात
पूर्वेचा दिव्यांचा मनोरा विझला,
पाठोपाठ बाकीचे. स्पीकर मुके.
ती माझ्या खांद्यावर,
आणि उतरवायचा इशारा द्यायला कुणी नाही.
तिच्या पोटऱ्या थरथरल्या,
मला वाटलं घाबरली.
तर ती गात होती.
धड शब्दही नव्हते, आमचेच आकडे:
पाच, सहा, सात...
सात लांबवत नेला तिनं
आणि आठ म्हणालीच नाही.
जाळीपलीकडून एक शेंगदाणेवाला ओरडला,
"अरे, कौन है रे?"

तीन हंगाम लख्ख उजेडात
हे कुणी विचारलं नव्हतं.

दिवे आले तेव्हा आम्ही पुन्हा हसत होतो.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.
ते गाणं आयबसमध्ये वाजतं,
लग्नात वाजतं, कचऱ्याच्या गाडीचा ड्रायव्हरसुद्धा
सकाळचं ठरलेलं गाणं संपलं की तेच लावतो.
परवा ती इंदूरला आली.
मी नऊशेचं तिकीट काढून मागे बसले.
तिच्यामागे चौदा जणी नाचत होत्या.
मी डावीकडून तिसरीकडे पाहत राहिले,
तिचे ओठ हलत होते. मोजत होती.
सातला नीवीनं माइक लोकांपुढे धरला
आणि अख्खं मैदान गरजलं: आठ!
मी म्हटलं नाही.
माझ्याकडे तो अजून तसाच आहे, न म्हटलेला.

भेटायला गेले नाही. गर्दी होती,
आणि भेटून सांगणार काय, वजन किती झालं गं?

नवा ब्लाउज शिवायला टाकला तेव्हा
इतवारियातला शिंपी टेप गुंडाळत म्हणाला,
ताई, डावा खांदा अर्धा इंच खाली आहे,
आतून गादी लावून सारखा करू?
म्हटलं, राहू द्या.
मापाप्रमाणे शिवा.