थर्लवेलचं माप

बाबांची वही शेडमध्ये सापडली,
तेलकट, कोपरे उंदरांनी कुरतडलेले.
सगळी लीकची मापं.

लीक कांद्याच्याच कुळातला, पण त्याला गड्डा नाही,
नुसता पांढरा गुळगुळीत दांडा.
आमच्या नॉर्थंबरलँडात तो बाळाच्या मांडीएवढा होईतो वाढवतात
आणि सप्टेंबरात क्लबच्या टेबलावर
काळ्या मखमलीवर निजवतात, जोडीनं.
पहिलं बक्षीस साइडबोर्ड, दुसरं भिंतीवरचं घड्याळ.
आमच्या घरात चार घड्याळं होती.
नॉर्मन थर्लवेलकडे साइडबोर्ड ठेवायला जागा उरली नव्हती,
एक त्यानं कोंबड्यांना दिला.

खाली खाणीत दोघं एकाच पाळीत,
एकमेकांच्या डब्यातलं खायचे.
वर आले की मधे तारेचं कुंपण.
मुळाशी काय घालतोस, हे विचारायचं नाही.
बाबा मेंढीच्या लेंड्या भिजवायचे, चिमणीची काजळी,
वर काळी बिअर.
आई म्हणायची, त्या लीकला रोज प्यायला मिळतं,
मला वर्षातून एकदा, नाताळात, अर्धा पेला शेरी.

चॅपलमध्ये पाद्री सात पापं बोटांवर मोजत.
हेव्याचं बोट वर झालं
की बाबा नखांतली माती बघत बसायचे.

मी नऊ वर्षांची होते, ऑगस्ट संपत आला होता.
रात्री बाबा सुरी घेऊन निघाले, मी मागोमाग, अनवाणी.
नॉर्मन राखणीला खुर्चीत, घोंगडी पांघरून,
तोंड उघडं, घोरत.
बाबा वाकले.
खिशातून सुतळी काढली,
त्याच्या सगळ्यात जाड लीकभोवती गुंडाळली,
जिथे टोक आलं तिथे गाठ मारली.
येताना नॉर्मनचं उघडं राहिलेलं फाटक
कडी घालून लावलं, मेंढ्या शिरतात म्हणून.
सुरी कशाला होती, मी कधीच विचारलं नाही.
सुतळी कापायला, असंही असेल.

वहीत थर्लवेलची मापं शाईनं,
स्वतःची पेन्सिलीनं, पुसता येतील अशी.
माझ्या जन्माची तारीख शोधली:
थर्ल., घेर नऊ इंच. मुलगी झाली. पाऊस नाही.

खाण बंद झाली तेव्हा
गल्लीतले पुरुष दुपारपर्यंत पांघरुणात पडून असायचे,
भिंतीकडे तोंड करून.
बाबा पहाटे पाचला उठायचे,
कारण नॉर्मनची शेड साडेपाचला उघडायची.
त्या वर्षी आमच्या घरी कुणी खचलं नाही.
यालाही पापच म्हणायचं असेल तर म्हणा,
आम्हाला त्यानं जेवायला उठवलं.

आणि आई इस्पितळात होती तो सप्टेंबर?
भेटीची वेळ संपायला वीस मिनिटं होती, बाबा उठले,
क्लबची टेबलं लागत होती.
आई दाराकडे बघत राहिली.
मी तिचा हात धरला, तो तिला नको होता.
वहीत त्या तारखेलाही माप आहे.
दोन्ही पानं एकाच अक्षरातली,
एक फाडलं तर शिवण सुटून दुसरंही निघतं.

नॉर्मन फेब्रुवारीत गेला.
त्याच्या व्हेरानं कुंपणावरून रोपांचा ट्रे दिला,
म्हणाली, तुलाच काय ते कळेल यातलं.
बाबांनी ती लावली, वाढवली, आणि जिंकले.
साइडबोर्डशेजारी उभे राहिले
टोपी हातात घेऊन,
लोक हात मिळवत होते, ते मान हलवत होते,
जसं अंत्ययात्रेत हलवतात.
पुढच्या वर्षी चर खणलाच नाही.

शेवटच्या पानावर तारीख आहे,
पुढे शाईनं 'थर्ल.' आणि मग कोरं.

मी वही मिटून बाहेर आले.
नॉर्मनच्या वाफ्यात आता कुणीतरी तरुण बाई
टोमॅटो लावते, नाव अजून कळलं नाही.
आत्ताच लाल व्हायला लागलेत,
माझे हिरवेच आहेत.
काय घालते कोण जाणे.