मुहांगाचं बीळ

वायरलेसवर सिंहाची बातमी आली
तशी किहवेलेने जीप आडवाटेला घातली.
रुआहाच्या पात्रात तेव्हा पाणी कमी, वाळूच फार.
एक हिसका बसला, आणि पुढचं उजवं चाक
जमिनीने गिळलं.

मागच्या सीटवरचे गृहस्थ घड्याळ बघत म्हणाले,
झालं, गेला सिंह.

अतुपेले, शिकाऊ गाइड, पहिल्याच महिन्यातली,
गुडघे टेकून भोकात डोकावली
आणि हसत सुटली. "मुहांगा!"

किहवेलेने एकोणीस वर्षांत तो दोनदा पाहिलाय,
त्यात एकदा नुसती शेपूट.
रात्रभर वाळवी चाटत हिंडतो,
पहाटे कुठेतरी नवं घर खणतो,
चार दिवसांनी तेही सोडतो.
मग त्यात रानडुक्कर येतं बिऱ्हाडाला,
त्याच्यामागून साळिंदर.
भाडं कुणी कुणाला मागत नाही.

ओढायला दुसरी गाडी यायला तास होता.

समोरच्या खडकाचा एक तुकडा हलला;
तो निघाला पिंबी,
सशाएवढा, कलत्या उन्हाला पोट देऊन बसलेला.
"हत्तीचा भाऊबंद," किहवेले म्हणाला,
"वाटणीच्या दिवशी झोपला होता बिचारा."

मग डिकडिकचं जोडपं.
काडीसारखे पाय, डोळ्याच्या कोपऱ्यात काळं बोट.
नराने ते एका वाळक्या काटकीच्या टोकाला
इतक्या जपून टेकवलं,
की श्वास रोखावा लागला.
"ही त्याची हद्द," अतुपेले कुजबुजली.
सातबारा एवढासा, पण रोज नव्याने लिहायचा.

वारुळाच्या खिडक्यांतून बुटकी मुंगसं बाहेर आली.
एक पहाऱ्यावर उभं,
बाकीची एका बीटलवरून हमरीतुमरीवर.
गृहस्थांनी कॅमेरा काढलाच नाही.
"पिल्लं त्यातली कुठली?" एवढंच विचारलं,
आणि तेही आवाज उतरवून.

गाडी आली, दोर बांधला, चाक सुटलं.
त्या ड्रायव्हरने सांगितलं,
सिंह काय, झोपलाय,
भोवती अकरा गाड्या.

आम्ही बसलो तरी अतुपेले खालीच.
ओंजळीने ती ढासळलेली माती बाजूला सारत होती,
दाराशी सांडलेलं आवरावं तशी.
मग टॉर्च दातांत धरून
तिने वहीत आजची नोंद केली:

मुहांगा, एक.
दिसला नाही.
घरी असावा.